वळवाच्या वाटेवरची फुलझाडं

वैशाख सरत आला की जालन्यात दुपार टळता टळता आभाळ एका बाजूने मळकट पिवळं होतं. आधी धूळ येते, मग वाऱ्याचा एकच दणका, मग टपोरे थेंब, क्वचित गारा. अर्ध्या-पाऊण तासात खेळ आटोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर काय आडवं झालंय ते पाहत फिरावं. बहुतेक वेळा गुलमोहर दिसतो, नाहीतर पिवळ्या तुऱ्यांचा सोनमोहर. बुचाची, म्हणजे आकाशनिंबाची, अर्ध्यातून मोडलेली फांदी तारांवर लोंबत असते. शेजारचा कडुनिंब पानंसुद्धा फारशी न गाळता उभा असतो. चार पावलांवरच्या करंजाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि करंज जागचा हललेला नसतो. वारा पडलेल्यांवर आणि उभ्यांवर सारखाच आला होता.

जेसीबी येतो, झाड उचलतो, करवतीने तुकडे होतात, आणि ‘काल वाऱ्याला जोर होता’ एवढ्यावर विषय मिटतो. माझं म्हणणं आहे की झाड उचलण्याआधी कोणीतरी त्या खड्ड्याशी उकिडवं बसून मुळं पाहिली पाहिजेत. उन्मळलेल्या गुलमोहराचा बुंधा पाहिला की सगळी हकिकत समोर येते. मुळांचं जाळं आडवं पसरलेलं, पण गुडघाभरच खोल गेलेलं. खाली जाणारं सोटमूळ जवळपास नाहीच. बुंध्याच्या अगदी तळाशी मनगटाएवढ्या दोन-तीन मुळांनी एकमेकांभोवती वेटोळं घातलेलं. रोप नर्सरीतल्या काळ्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलं, मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरली, आणि लावताना ती कोणी सोडवली नाहीत. वीस वर्षांनंतरही पिशवीचा तो आकार बुंध्याखाली तसाच असतो. एका बाजूची मुळं सरळ रेषेत तुटलेली दिसली तर समजावं की तिथून कधीतरी पाइपलाइनची चारी गेली. दुसऱ्या बाजूला बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. वाऱ्याने शेवटचा धक्का तेवढा दिला.

जालन्याची जमीन या बाबतीत अवघड आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून काढून हा जिल्हा तयार झाला. आठ तालुके, पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे उतरतात. तिथं बरड, मुरमाड माळ. हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूर हा गोदावरी-दुधनेच्या बाजूचा पट्टा, काळ्या भारी मातीचा. ही काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. पाऊस पडला की तीच माती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि मुळांवरची तिची पकड सुटते. वळवाचा वारा अवचित येतो तेव्हा उन्हाळ्यात तुटलेली मुळं अजून सांधलेली नसतात. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरचा वारा तर ओल्या, ढिल्या मातीत गाठतो. मुरमाड माळावरची अडचण वेगळी. तिथं पहारीने दीड फुटाचा खड्डा पाडून चांगली माती भरली, की तो खड्डा म्हणजे दगडात कोरलेली कुंडी होते. मुळं कडेच्या मुरमाला अडतात, परत फिरतात आणि आतच गोल गोल वाढतात.

वाऱ्याचं गणितही एकदा समजून घ्यावं. वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात डोलणारं झाड ऐंशीच्या झोतात चौपट रेटा सोसतं. शिवाय हा रेटा जितक्या उंचीवर बसतो तितका तो बुंध्याशी जास्त जाणवतो, म्हणून उंच, वर जड आणि खाली उघडं झाड आधी जातं. नैऋत्य मोसमी वारा जून-जुलैत दिवसचे दिवस साधारण एकाच दिशेने वाहतो. झाडं त्याला सरावतात, त्या बाजूने लाकूड घट्ट करतात. वळवाचा झोत मात्र ढगातून खाली आपटून चहूकडे फुटतो. तो झाडाला न सरावलेल्या बाजूनेही येतो.

आता गुलमोहर. तो मूळचा मादागास्करचा. आपल्याकडे तो इतका रुळला की साताऱ्यात १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. जालना जिल्ह्याचा वाढदिवसही तोच. मला गुलमोहराविषयी राग नाही. भर उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर पाघळत असताना तो लाल रंगाने डोळ्यांना जो आधार देतो त्याची किंमत मी जाणतो. पण त्याची घडण पाहा. उंचीपेक्षा पसारा मोठा, फांद्या आडव्या आणि लांब, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. फुलांचा बहर आणि नव्या पानांचा भार नेमका वळवाच्या दिवसांत. पावसाने भिजलेलं ते ओझं आडव्या फांदीच्या टोकाशी असतं. मोकळ्या मैदानाच्या मधोमध, घर-तार-वाट काहीच खाली नसेल तिथं गुलमोहर जरूर लावावा. शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर, दवाखान्याच्या आवारात जिथं रिक्षा उभ्या राहतात तिथं लावू नये. सोनमोहर, नीलमोहर आणि स्पॅथोडिया यांनाही हेच लागू आहे.

हे केवळ आपल्याकडचं निरीक्षण नाही. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर आणि पुढच्या अनेक वादळांनंतर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या मेरी डुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणती झाडं पडली, कोणती टिकली याचा पद्धतशीर अभ्यास केला. सोनमोहर, नीलमोहर आणि स्पॅथोडिया त्यांच्या यादीत तळाला आहेत. सर्वांत टिकाऊ ठरलेल्यांमध्ये क्रेप मर्टल हे फुलझाड आहे आणि ते आपल्या ताम्हणाच्या सख्ख्या कुळातलं. त्या अभ्यासातली आणखी दोन निरीक्षणं जालन्याला थेट उपयोगी पडतात. एकट्या उभ्या झाडांपेक्षा घोळक्यातली झाडं जास्त टिकली. आणि मुळांना जिथं भरपूर मोकळी माती मिळाली होती तिथली झाडं कमी पडली. आपण रस्त्याकडेला तीस-तीस फुटांवर एकेक झाड एकेका चौकटीत लावतो. हे दोन्ही निष्कर्षांच्या उलट आहे.

जालन्यात वाऱ्याचा प्रश्न मुळात पाण्याचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. शहराला निजामकाळी बांधलेला घाणेवाडीचा तलावही तारू शकला नाही. अशा ठिकाणी लावलेलं झाड टँकरवर जगवावं लागतं, आणि टँकरवाला घाईत असतो. रोज थोडं थोडं, वरवर पाणी मिळालं की मुळांना खाली जायचं कारण उरत नाही. ती ओल्या वरच्या थरातच पसरतात. चार वर्षांनी पाणी बंद होतं, झाड तहानलेलं राहतं आणि वाऱ्यालाही उभं राहत नाही. हेच पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा, पण आळं भरून, दीड-दोन हात खोल मुरेल असं दिलं, तर मूळ ओलीच्या मागे खाली उतरतं. पाणी तेवढंच, माणसाच्या फेऱ्या उलट कमी. आळंही बुंध्याशी नको. फांद्यांच्या घेराच्या कडेने असावं आणि दर वर्षी बाहेर सरकवावं. ठिबकची एकच नळी बुंध्याला कायम चिकटवून ठेवणं ही तर सर्वत्र दिसणारी चूक आहे.

मग लावायचं काय? माझ्या मते पहिला मान पळसाचा. भोकरदन तालुक्यात पळसखेडा नावाची एकाहून अधिक गावं आहेत, आणि माळावर, गायरानात, धुऱ्यावर तो आजही आपोआप उगवतो. माघ-फाल्गुनात पानं गाळून तो शेंदरी फुलतो, तेव्हा वारा त्याच्या फांद्यांतून सरळ आरपार जातो. पानं येतात तीही दांडगी, पण झाड बुटकं, बुंधा वाकडातिकडा आणि चिवट. खरी ताकद जमिनीखाली असते. पळसाचं रोप पहिली काही वर्षं वर वाढतच नाही. उन्हाळ्यात वरचा कोंब वाळतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो, आणि या सगळ्या काळात ते खाली जाडजूड मूळ सोडत असतं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात पळस दिसत नाही याचं कारण हेच आहे. तिसऱ्या वर्षी पाहणीला आलेल्या साहेबांना तिथं मेल्यासारखी काडी दिसते. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत आणि क्षार फुटलेल्या चोपणीतही पळस तग धरतो. दुसरं शोभेचं झाड तिथं सहज टिकत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला मानवत नाही. बी जागेवरच टोकावं. पत्रावळीसाठी, लाखेसाठी, होळीच्या रंगासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी राखलेलं हे झाड आपण शोभेचं मानत नाही. केशरी पळसाची रांग एखाद्या महाविद्यालयाच्या कुंपणाने मार्चमध्ये फुललेली असेल, तर गुलमोहराची आठवणही होणार नाही.

करंज हा दुसरा. फुलं फिकट गुलाबी-पांढरी, लहान, दूरवरून नजरेत भरत नाहीत. पण एप्रिल-मेमध्ये खालची जमीन झाकून टाकतात आणि मधमाश्यांचा घुमारा दिवसभर असतो. नवी पालवी इतकी तकतकीत असते की तीच फुलाचं काम करते. चुनखडीच्या जमिनीत, धुळीत, औद्योगिक वसाहतीच्या कडेला, थोड्या पाण्यावर करंज वाढतो. पानांवर गाठी येतात, त्याने घाबरून औषधं मारण्याची गरज नाही. रस्त्यासाठी एकच झाड निवडायचं असेल तर मी करंज निवडीन.

बहाव्याची गोष्ट थोडी सांभाळून सांगायला हवी, कारण तो सगळ्यांचा लाडका आहे. पिवळे घोस लोंबू लागले की माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. लाकूड कठीण, उंची मध्यम, दुष्काळाशी जुनी ओळख. पण बहाव्याला बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही; काळ्या रानात तो उंचवट्यावर, मातीचा थोडा ढीग करून लावावा. दुसरं म्हणजे तो तरुणपणी बेचकं करतो. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अगदी चिकटून वर जातात आणि मधली साल आत दाबली जाते. वरून जोड भक्कम वाटतो, पण आत लाकडाला लाकूड मिळालेलंच नसतं. वाऱ्यात झाड बरोबर तिथं चिरतं. पहिल्या तीन-चार वर्षांत त्यातली एक फांदी काढून टाकली तर पुढचा धोका टळतो. बहावा एकेकटा लावण्यापेक्षा पाच-सातांच्या घोळक्यात लावावा. त्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या येतात. त्या खाऊ द्याव्यात, पानं पुन्हा येतात.

मेडशिंगी फार थोड्यांना ठाऊक आहे. दख्खनच्या कोरड्या रानातलं हे लहानसं झाड. पांढरी, कर्ण्याच्या आकाराची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वास गोड असतो. शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. मुरमाड जागेत, खडकाळ उतारावर वारा अंगावर घेत ते वाढतं. घरासमोरच्या छोट्या अंगणासाठी याहून योग्य झाड मला सुचत नाही. नर्सरीत मागितलं तर मात्र बहुतेक ठिकाणी मान हलते.

आपटा दसऱ्यापुरता आठवतो, तोही ओरबाडायला. वाकडा, बुटका, चिवट. फुलं बारीक आणि फिकट, पण झाड म्हातारं होईपर्यंत वाऱ्याने पडत नाही. कांचन त्याचाच नातेवाईक आणि फुलांनी कितीतरी देखणा. त्याच्या फांद्या मात्र लवकर मोडतात, तेव्हा तो भिंतीच्या आडोशाला बरा. बकुळीचं लाकूड अतिशय जड आणि घट्ट असतं. ती सावकाश वाढते, पहिली काही वर्षं पाणी मागते, नंतर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. देवळाच्या आवारात, जिथं पाण्याची सोय आणि राखणारी माणसं आहेत, तिथं बकूळच हवी. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीला जाणाऱ्या भाविकांना सावली आणि वास दोन्ही मिळेल. ताम्हण हे राज्यपुष्प. लाकूड मजबूत, पण त्याला ओल हवी. कुंडलिका आणि दुधनेच्या काठी किंवा तलावाखालच्या ओलसर पट्ट्यात ते रमेल. बरड माळावर राज्यपुष्प म्हणून हट्टाने लावलेलं ताम्हण खुरटतं. शिरिषाची रेशमी फुलं आणि त्यांचा वास मला प्रिय आहे, पण तो वादळात मुळासकट उन्मळतो, त्यामुळे रस्ता आणि घर सोडून. पांगारा आणि काटेसावर डोंगरउतारावर असू द्यावेत. लाकूड मऊ, फांदी कधी तुटेल याचा नेम नाही. पक्ष्यांना मात्र त्यांच्याइतकं दुसरं कोणी पाजत नाही.

झाड निवडून काम संपत नाही. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. जे. जॅफ यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की रोपाच्या खोडाला वारंवार स्पर्श किंवा हेलकावा मिळाला की ते उंचीला कमी आणि जाडीला जास्त वाढतं. वाऱ्यात झुलणं हा झाडाचा व्यायाम आहे. आपण काय करतो? आठ फुटांचं, करंगळीएवढ्या खोडाचं रोप आणतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत ते उठून दिसतं. त्याला बांबूला तीन ठिकाणी सुतळीने आवळून बांधतो. भोवती लोखंडी जाळी उभी करतो. झाड झुलतच नाही, खोड जाड होत नाही, सुतळी सालीत रुतते आणि पाच वर्षांनी जाळी झाडाच्या अंगात. दोन-अडीच फुटांचं, बुंध्याशी जाड असलेलं रोप घ्यावं. पिशवी पूर्ण फाडावी, तळाचं वेटोळं धारदार पात्याने कापावं, कडेच्या मुळांना तीन-चार उभे चिरे द्यावेत. खड्डा चौकोनी काढावा आणि मुरमाड जागेत त्याच्या भिंती पहारीने फोडून ठेवाव्यात. आधार लागलाच तर खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, सैल, कापडी पट्टीने. एका पावसाळ्यानंतर काढून टाकावा.

छाटणीचं दुखणं वेगळं. वीजतारांखाली दर वर्षी पावसाळ्याआधी झाडाची एक बाजू सपाट तासली जाते. उरलेला सगळा भार दुसऱ्या बाजूला, आणि वादळात झाड त्याच बाजूला कोसळतं. काही ठिकाणी तर झाडाचं मुंडकंच उडवतात. त्यानंतर येणारे धुमारे खूप जोमाने वाढतात, पण ते फक्त सालीलगत चिकटलेले असतात. उपाय साधा आहे: तारेखाली मेडशिंगी, आपटा, कण्हेर, पारिजातक, तारेपासून दूर करंज, बकूळ, कडुनिंब. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. जालन्यात २०२३ पासून महानगरपालिका आहे. रस्त्याचा आराखडा करताना तारेची बाजू आणि झाडाची बाजू वेगळी ठरवणं तिच्या हातात आहे आणि त्याला वेगळा खर्च लागत नाही.

राज्याने २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला. पुढच्या तीन वर्षांत तो चार, तेरा आणि तेहतीस कोटींवर गेला. संख्येचा मोठेपणा मी नाकारत नाही, त्या निमित्ताने गावागावांत खड्डे खणले गेले. पण कोटीच्या हिशेबात जे रोप लवकर तयार होतं आणि लवकर उंच दिसतं तेच पुरवलं जातं. पळस आणि मेडशिंगी त्या हिशेबात बसत नाहीत. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. अशा उघड्या मार्गाच्या दुभाजकात बोगनवेल आणि कण्हेर योग्यच आहेत. ती वाकतात, मोडत नाहीत, पाण्यावाचून राहतात. कडेच्या पट्ट्यात मात्र पळस, करंज आणि बहावा यांचे मिश्र घोळके लावायला तिथं जागा आहे.

शेतकऱ्याला वारा आधीच कळलेला आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि आंबिया बहाराची कोवळी फळं उन्हाळ्याच्या झळांनी आणि सोसाट्याने गळतात हे इथं लहान मुलालाही माहीत असतं. म्हणून बागेच्या पश्चिम आणि दक्षिण कडेला शेवरी, सुरू, बांबू अशा वारारोधकाच्या रांगा लावतात. चांगली रांग तिच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग कमी करते. ती भिंतीसारखी बंद असू नये. निम्मा वारा गाळून जाऊ द्यावा, नाहीतर वारा वरून उसळून पलीकडे भोवरे करतो आणि बाग जास्त झोडपली जाते. या रांगेतच दर चार-पाच झाडांमागे एक करंज आणि एक बहावा घातला तर बागेला मधमाश्या मिळतील आणि बांधाला रंग. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची मराठवाडाभरची गारपीट आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मधली जालन्यातली गारपीट ज्यांनी सोसली त्यांना कुठलंही झाड गारेपासून वाचवू शकणार नव्हतं, हे खरं. वाऱ्यापासून मात्र बऱ्याच अंशी वाचवता येतं.

बी आपल्याच जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतर मेडशिंगीच्या शेंगा पिकू लागतात. त्या उकलून पंखांचं बी उडून जाण्याआधी काढावं लागतं. बहाव्याच्या काळ्या दंडगोल शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतील. त्यांचं बी टणक असतं, उकळतं पाणी ओतून तसंच रात्रभर निवू द्यावं आणि मग पेरावं. करंजाच्या शेंगा मार्च ते मे. पळसाच्या चपट्या शेंगा मे अखेरीस गळतात, त्यांचं बी ताजंच रुजतं, साठवून ठेवलं की निकामी होतं. बियाण्यांचं शहर म्हणून जालन्याची देशात ओळख आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको उभी केली. बी निवडणं, वाळवणं, उगवण तपासणं हे ज्ञान या शहरात घरोघरी आहे. एखाद्या शाळेने, एखाद्या गावाने येत्या मेमध्ये पळसाच्या शेंगा गोळा करून पहिल्या पावसाआधी गायरानाच्या कडेला दोन-दोन बिया टोकाव्यात, भोवती काटे लावावेत आणि पहिल्या उन्हाळ्यात वाळलेली काडी उपटू नये. पुढच्या पावसात ती तिथूनच फुटेल.